दा, रा आणि तुणतुणे : तंतुवाद्यांतील आघाताच्या निवडीचा इतिहास, खानदेशाच्या संदर्भात

एखादा मनुष्य तेच ते पुन्हा पुन्हा सांगू लागला की तो आपलेच तुणतुणे वाजवीत आहे, असे मराठीत म्हणतात. या वाक्प्रचाराने एका वाद्यावर थोडा अन्याय केला आहे. पोकळ लाकडी नळकांडे, त्याच्या एका तोंडावर मढविलेले कातडे, बाजूस ठोकलेली काठी आणि कातड्यापासून काठीच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार, एवढाच तुणतुण्याचा संसार. जळगाव-धुळ्याकडील गोंधळात ते संबळाबरोबर वाजते, पोवाड्यात डफाबरोबर आणि तमाशात ढोलकीबरोबर. त्यावर पडदे नाहीत आणि तारेवर डाव्या हाताची बोटे फिरत नाहीत. स्वर एकच असल्याने वादकापाशी निवडण्यासारखे एकच काही उरते, ते म्हणजे आघात. तो केव्हा करावयाचा, किती वजनाचा करावयाचा आणि हात तारेवरून पुढे गेल्यावर परत येताना तारेला स्पर्श करावयाचा की नाही, एवढ्यातच या वाद्याची सर्व कला सामावलेली आहे. तंतुवाद्यांच्या इतिहासातील एका महत्त्वाच्या प्रश्नाकडे पाहण्यास तुणतुणे सोयीचे आहे ते यामुळेच.

तो प्रश्न असा. तार छेडून एकेका स्वराची ओळ वाजवावयाची असता उजव्या हाताने कोणती पद्धत स्वीकारावी? प्रत्येक स्वरास स्वतंत्र आघात द्यावा, की एका आघातात अनेक स्वर ओढून घ्यावेत? आघात द्यावयाचाच तर तो एकाच दिशेने द्यावा, की एकदा पुढे व एकदा मागे असा आलटून पालटून द्यावा? गिटार शिकणाऱ्या विद्यार्थ्यास आज बहुधा असे सांगण्यात येते की, प्लेक्ट्रम एकदा खाली व एकदा वर असे काटेकोरपणे चालविणे हीच शास्त्रशुद्ध पद्धत होय, कारण तीत श्रम कमी व वेग अधिक. वेगाविषयीचे हे म्हणणे खरे आहे. मात्र आघाताची निवड ही मुळात वेगाची निवड आहे हा त्यामागील समज इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. ती मुळात वजनाची निवड आहे. लयीच्या कोणत्या स्थानी जोर पडावा हे आधी ठरते आणि हाताची दिशा त्यामागून येते. या विधानास आधार देणारा पुरावा खानदेशात व त्याच्या सीमेवर, तसेच त्याच्यापासून फार दूरवरही, आढळतो.

आरंभ ग्रंथांपासून करणे इष्ट. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा भेद सांगितला आहे. चित्रा ही सात तारांची व बोटांनी वाजवावयाची, विपंची ही नऊ तारांची व कोणाने वाजवावयाची. कोण म्हणजे आजच्या भाषेत प्लेक्ट्रम. तेव्हा बोट की कोण ही निवड गिटारबरोबर आलेली नाही, ती निदान दीड हजार वर्षांची आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या भोवती जो दिव्य परिवार रंगविला आहे, त्यात तंतुवाद्य घेतलेला किन्नर दिसतो. अजिंठा आज प्रशासनाच्या दृष्टीने खानदेशाबाहेर असला, तरी जळगावहून तो सुमारे साठ किलोमीटरवर आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रवासी तेथे जळगाववरूनच गेले आहेत. अशा चित्रावरून वाद्याचा आकार कळतो, वादकाची बसण्याची रीत कळते. पण चित्र स्थिर असते आणि आघात ही गती आहे. हात तारेकडे येत होता की तारेपासून दूर जात होता, हे चित्रातील हातावरून ठरविण्याचा मोह अभ्यासकाने आवरलेला बरा.

गतीचा पहिला सविस्तर तपशील मिळतो तो तेराव्या शतकात, यादवांच्या देवगिरीस. सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने आपल्या संगीतरत्नाकराच्या सहाव्या म्हणजे वाद्याध्यायात वीणावादनातील हातांचे चोवीस व्यापार सांगितले आहेत. त्यांपैकी नऊ उजव्या हाताचे, दोन डाव्या हाताचे व तेरा दोन्ही हातांचे. उजव्या हाताचे नऊ असे : घात, पात, संलेख, उल्लेख, अवलेख, भ्रमर, संधित, छिन्न आणि नखकर्तरी. याच सिंघणाच्या दरबारचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. त्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. तो शके ११२८ चा (इ. स. १२०६-०७) असून त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे. संगीतरत्नाकर आणि पाटणचा लेख यांचा संगीतापुरता काही संबंध नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. संबंध आहे तो वातावरणाचा. ग्रहगतीचे गणित जपण्यासाठी मठ उभारणाऱ्या आणि बोटांच्या गतीचे वर्गीकरण करणाऱ्या विद्वानांना एकाच राजवटीचा आश्रय होता, आणि त्या राजवटीच्या मुलखात दक्षिण खानदेश मोडत होता.

शार्ङ्गदेवाच्या यादीतील महत्त्वाची गोष्ट ही की, त्याचे भेद बहुतांशी बोटांवर आधारलेले आहेत. तर्जनी एकटी की मध्यमेच्या जोरासह, मध्यमा की अनामिका, आतून की बाहेरून, चारही बोटे एकामागून एक की नखांनी झपाट्याने, अशा प्रश्नांच्या उत्तरांतून ते निर्माण होतात. याचा अर्थ असा की, त्या काळच्या वीणावादकाला वजनातील फरक दाखविण्यासाठी अनेक बोटे उपलब्ध होती. बळकट बोटाने बळकट स्वर आणि दुबळ्या बोटाने हलका स्वर छेडता येत असे. दिशेचा भेद त्यास ठाऊक होता, पण सर्व भार दिशेवर टाकण्याची त्यास गरज नव्हती.

ती गरज पुढे निर्माण झाली, आणि ती कशी झाली हे बीन व सतार यांची तुलना केल्यास कळून येते. बीनकार तर्जनी व मध्यमा या दोन बोटांत नखी घालतो आणि करंगळीने चिकारीच्या तारा छेडतो. दोन बोटे आळीपाळीने एकाच दिशेने तारेवर येऊ शकतात, म्हणून बीनकाराचे काम हाताच्या परतीच्या फेऱ्यावाचून चालते. सतारीत मात्र एकच नखी, एकाच तर्जनीवर. येथे दुसरा आघात कोठून आणावयाचा? तो परतीच्या फेऱ्यातूनच आला पाहिजे. शार्ङ्गदेवाचे नऊ भेद सतारीपाशी येऊन दोनच उरले : दा आणि रा. बोटांचे वैविध्य गेले, आणि पूर्वी बोटांनी वाटून घेतलेले वजन आता दिशेच्या एकट्या भेदावर येऊन बसले.

आता ही दिशा कोणती? सतारीवर ‘दा’ हा आत, म्हणजे तळहाताकडे ओढलेला आघात होय, व ‘रा’ हा बाहेरचा. सरोदवर नेमके उलट आहे : तेथे जव्याचा खाली जाणारा आघात ‘दा’ आणि वर येणारा ‘रा’. एकाच संगीतपरंपरेतील, बरेचदा एकाच घराण्यातील, दोन वाद्यांवर एकच अक्षर दोन विरुद्ध दिशा दर्शविते ही वस्तुस्थिती बोलांचा विचार करताना सहसा लक्षात घेतली जात नाही. तिचा अर्थ स्पष्ट आहे. ‘दा’ हे दिशेचे नाव नव्हे, ते वजनाचे नाव आहे. ज्या वाद्यावर हाताची जी दिशा बळकट, ती तेथे ‘दा’ झाली. गिटारवादकाचा खालचा आघात हाही या न्यायाने ‘दा’च होय, मग तो त्यास कोणत्याही भाषेत संबोधो.

हे खरे असेल तर वजनाची मागणी होईल तेथे ‘दा’ लागोपाठ दोनदा आला पाहिजे, आणि आलटून पालटून चालण्याचा नियम मोडला पाहिजे. तसा तो मोडलेला सापडतो, आणि तोही सतारीच्या सर्वांत प्रतिष्ठित बंधात. अठराव्या शतकातील दिल्लीच्या मसीतखाँच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विलंबित गतीचे बोल असे आहेत : दिर दा दिर दा रा दा दा रा. त्रितालात ही गत बाराव्या मात्रेपासून उचलतात. मोजून पाहावे. दिर बाराव्या मात्रेवर, दा तेराव्या, दिर चौदाव्या, दा पंधराव्या, रा सोळाव्या, आणि समेवर दा, दुसऱ्या मात्रेवर पुन्हा दा, तिसऱ्या मात्रेवर रा. समेचा जोर एका आघातात न संपता पुढच्या मात्रेवर दुसऱ्यांदा उमटतो. हाताला मधल्या वेळात तारेस स्पर्श न करता मूळ जागी परतावे लागते. श्रम वाचविणे एवढाच उद्देश असता तर गतकाराने येथे दा रा दा रा असे सरळ बोल ठेवले असते. विलंबित लयीत हात परतण्यास वेळ असतो, आणि त्या वेळेचा उपयोग त्याने वजनासाठी करून घेतला.

सम-विषम मात्रांचा विचार केला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. सहा मात्रांच्या दादऱ्यात प्रत्येक मात्रेस एक याप्रमाणे काटेकोर आलटापालट ठेवली तर समेवर दा येतो व चौथ्या मात्रेवर रा. चौथ्या मात्रेवर खाली आहे, म्हणून तेथे हलका आघात शोभूनच दिसतो, आणि यांत्रिक नियम व लयीची मागणी यांचा योगायोगाने मेळ बसतो. सात मात्रांच्या रूपकात हा मेळ तुटतो. पहिले आवर्तन दा ने सुरू झाले तर दुसरे रा ने सुरू होणार, तिसरे पुन्हा दा ने. एकच स्वरपंक्ती एका फेरीत एका वजनाची व दुसऱ्या फेरीत भलत्याच वजनाची वाजेल. ती सारखी ठेवावयाची तर प्रत्येक आवर्तनात कोठे तरी एक दा दुबार घेतला पाहिजे, किंवा एक रा गाळला पाहिजे. कोठे, हे तालाच्या विभागांवरून ठरते. ही निवड शिकविण्यासाठीच बोलांची भाषा घडली. ती भाषा मुखोद्गत असते, आणि हाताआधी तोंडाने शिकविली जाते हे तिचे मोठे सामर्थ्य आहे.

युरोपात हाच प्रश्न निराळ्या वाटेने सोडविला गेला. मध्ययुगीन ल्यूट पिसाच्या दांडीने छेडीत. पंधराव्या शतकात ती दांडी सोडून वादक बोटांकडे वळले, आणि अंगठा व तर्जनी आलटून पालटून वापरू लागले. अंगठ्याचा आघात जोराचा, तर्जनीचा हलका. वेनिसमध्ये पेत्रुच्चीने १५०७ साली छापलेल्या स्पिनाचीनोच्या ल्यूटसंग्रहात तर्जनीच्या वर येणाऱ्या आघातासाठी अंकाखाली टिंब दिले आहे. दा व रा यांचीच ती छापील खूण म्हणावयास हरकत नाही. स्पेनमधील विउएला या वाद्यावर तर एकट्या तर्जनीने पुढे-मागे छेडण्याची ‘देदीयो’ नावाची पद्धत रूढ होती. लुईस मिलान याने १५३६ साली तिचा उल्लेख केला आहे. अंध वादक मिगेल दे फुएनयाना याने १५५४ साली निरनिराळ्या पद्धतींची चर्चा करताना देदीयोला कमी लेखले व दोन बोटांची पद्धत श्रेष्ठ ठरविली. त्याचा आक्षेप नखावर होता. देदीयोत बोट एका दिशेने जाताना मांसाने छेडते व दुसऱ्या दिशेने येताना नखाने. तेव्हा दोन आघातांत केवळ वजनाचाच नव्हे, तर नादाच्या जातीचाच फरक पडतो.

देदीयोची गती आणि सतारियाच्या तर्जनीची गती एकच आहे. मग जी पद्धत स्पेनमध्ये मागे पडली ती भारतात दोन शतकांहून अधिक काळ का टिकली? याचे उत्तर नखीत शोधले पाहिजे. पोलादी तारेच्या नखीमुळे आतला व बाहेरचा हे दोन्ही आघात धातूनेच होतात, आणि मांस व नख यांतील विषमता नाहीशी होते. नाद सारखा झाला, वजनाचा भेद मात्र शिल्लक राहिला. फुएनयानाचा आक्षेप ज्या दोषावर होता तो दोषच एका लहानशा तारेच्या वळशाने दूर केला. वाद्याच्या रचनेतील इतका किरकोळ वाटणारा भाग वादनपद्धतीचे भवितव्य ठरवू शकतो, ही गोष्ट वाद्यांच्या इतिहासात भोपळे व तरफा यांच्या वर्णनात गुंतलेल्या लेखकांकडून बरेचदा निसटते.

सतारीचा हा विचार खानदेशापर्यंत कितपत पोहोचला? इंदूरच्या होळकर दरबाराशी बीनकार बंदेअलीखाँ यांचा संबंध होता, आणि त्यांचा अंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात झाला. सतारिये इमदादखाँ (१८४८-१९२०) यांची अखेरची वर्षेही इंदूरशी निगडित आहेत. इंदूरहून पुण्या-मुंबईकडे येणारा कलावंत आग्रा रस्त्याने धुळ्यावरून येई, किंवा खांडव्याहून लोहमार्गाने भुसावळ-जळगाववरून. तेव्हा थोर वादकांचे मुक्काम या मुलखात पडले असण्याचा संभव मोठा आहे. परंतु मुक्काम म्हणजे परंपरा नव्हे. बंदेअलीखाँच्या तालमीतील रहिमतखाँ धारवाडला स्थिरावले, आणि तेथे सतारीची परंपरा रुजली. सतारी घडविणारे कारागीर मिरजेस जमले. खानदेशात यांपैकी काही घडले नाही.

येथे वाढले ते कंठसंगीत व नाट्यसंगीत. बालगंधर्व (१८८८-१९६७) बालपणी शिक्षणासाठी जळगावी राहिले आणि मेहबूबखाँ यांच्याकडे त्यांना तेथेच गाण्याची तालीम मिळाली, ही गोष्ट जळगावकर आजही अभिमानाने सांगतात. संगीत रंगभूमीच्या साथीस ऑर्गन, सारंगी व तबला. म्हणजे स्वर लांबविणारी वाद्ये, किंवा निव्वळ लयीची वाद्ये. छेडलेल्या तारेला त्या साथीत मानाचे स्थान नव्हते. परिणामी खानदेशात छेडण्याच्या कलेचा अखंड वारसा नाट्यगृहात न राहता गोंधळ्याच्या व तमाशातील सुरत्याच्या हाती राहिला. इतिहासकाराची खरी अडचण येथे सुरू होते. मराठ्यांच्या कागदपत्रांत गोंधळ्याचा हक्क सापडेल, त्याचे वतन व त्यावरील तंटाही सापडेल. त्याचा हात सापडणार नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कंठ आणि तार यांचा संबंध पुन्हा निराळा झाला. विलायतखाँ (१९२८-२००४) यांनी गायकी अंग म्हणून जे पुढे आणले त्यात एका आघातात तार ओढून चार-पाच स्वर काढले जातात. आघातांची संख्या घटते आणि स्वरांची ओळ कंठासारखी सलग होते. इंदूरच्या बीनकार परंपरेशी नाते सांगणारे व मुंबईत स्थायिक झालेले अब्दुल हलीम जाफरखाँ (१९२७-२०१७) यांच्या बाजातही डाव्या हाताने पुष्कळ भार उचलला आहे. वरवर पाहता ही आघाताची माघार वाटेल. वस्तुतः ज्या स्वरावर आघात होतो त्याचे महत्त्व अशा वादनात वाढते, कारण त्याच्या मागून येणारे सर्व स्वर त्याच एका आघाताच्या जोरावर जगतात. चुकीच्या स्थानी दिलेला आघात मग चार स्वरांची ओळ बिघडवितो.

गिटार या भागात आली ती चित्रपटगीतांच्या मागून. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत ती रुजविण्यात गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा, आणि लहान शहरांतील ऑर्केस्ट्रांनी ती गीते मंचावर आणली. गायक भूपिंदर सिंग यांनी ‘दम मारो दम’ (१९७१) या गीतात वाजविलेली गिटार ज्यांनी ऐकून ऐकून उचलली, त्यांना बोल कोणी सांगितले नाहीत. त्यांना फक्त स्वर ऐकू आले. आघाताची निवड ध्वनिमुद्रिकेवरून पूर्णपणे कळत नाही, आणि छापील शिक्षणपुस्तकांत आलटापालटीचा सोपा नियम तयार होता. नियम सोपा असल्याने तो पसरला. पाश्चात्त्य परंपरेतही तो एकमेव नाही, हे मात्र त्याच्याबरोबर पसरले नाही. जांगो राइनहार्ट (१९१०-१९५३) व त्याच्या जिप्सी परंपरेतील वादक प्रत्येक नव्या तारेवर खालच्याच आघाताने उतरतात, मग त्यापूर्वीचा आघात खालचा असला तरी चालेल. दोन ‘दा’ लागोपाठ घेण्याची ही रीत मसीतखानी गतीतील रीतीची, नकळत, सख्खी बहीण आहे. तिने जांगोच्या वेगास बाधा आल्याचे कोणी म्हटलेले नाही. दुसरीकडे ब्रिजभूषण काबरा (१९३७-२०१८) यांनी मांडीवर आडवी घेऊन सळईने वाजविण्याची गिटार रागसंगीतात आणली, आणि अलीअकबरखाँ यांच्याकडून मिळालेला सरोदचा विचार तीत उतरविला. वाद्य परके आणि बोल घरचे, असा तो संयोग होता.

यावर असा आक्षेप घेता येईल की, तुणतुण्यासारख्या एकस्वरी वाद्यास सतार, ल्यूट व गिटार यांच्या पंक्तीस बसविणे अतिशयोक्तीचे आहे. एक स्वर म्हणजे ओळ नव्हे. आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. पण विज्ञानात एका घटकाचा परिणाम पाहावयाचा तर इतर घटक स्थिर ठेवतात. तुणतुण्यात स्वर स्थिर आहे. ढोलकी ठाय लयीतून द्रुतात गेली की वादकापुढे दोनच मार्ग उरतात : एक तर मधले आघात गाळून एकाच दिशेने छेडीत राहणे, नाही तर परतीचा फेरा उपयोगात आणणे. पहिल्याने वजन टिकते व भरणा कमी होतो, दुसऱ्याने भरणा वाढतो व वजन सांभाळावे लागते. मसीतखानी गतकारापुढे जो प्रश्न होता तोच हा आहे, फक्त अंगावरील अलंकार उतरवून ठेवलेला. लोकांनी वाद्यास दिलेल्या नावात मात्र ‘तुण’ हे एकच अक्षर दोनदा आले आहे. दा-रा प्रमाणे दोन भिन्न अक्षरे आलेली नाहीत. ऐकणाऱ्यास आघात सारखे वाटले म्हणून असे घडले असेल, किंवा वादक खरोखरच एका दिशेने छेडीत असल्यामुळे घडले असेल. केवळ नावावरून हे ठरणार नाही.

ते ठरविण्याचा मार्ग क्षेत्रीय नोंदीचाच आहे, आणि त्यास फार अवधी उरलेला नाही. तमाशाच्या फडांत कीबोर्ड व ऑक्टोपॅड आल्यापासून तुणतुण्याची गरज घटत चालली आहे. लोकवाद्यांच्या आजवरच्या नोंदींत वाद्याचे लाकूड, कातडे, तारेची जाडी व वापराचे प्रसंग दिलेले असतात, हाताची दिशा क्वचितच. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत गोंधळ, पोवाडा व तमाशा यांचे चित्रण करताना कॅमेरा गाणाऱ्याच्या तोंडावर न ठेवता तुणतुणे धरणाऱ्याच्या मनगटावर ठेवावा, तोही बाजूने. ठाय, मध्य व द्रुत अशा तिन्ही लयींत समेचा आघात पुढच्या फेऱ्यावर पडतो की परतीच्या, लय बदलताना तो बदलतो काय, आणि बदलत नसेल तर वादक कोणता आघात गाळतो, एवढ्या तीन नोंदी प्रत्येक वादकाविषयी आवश्यक आहेत. चौथी नोंद तोंडी घ्यावयाची : शिकविताना त्याच्या गुरूने हातासाठी कोणते शब्द वापरले होते.